शिक्का नसलेली दोन पानं

आत्या,

तुझ्या तेराव्याला तुझ्या बिल्डिंगच्या पार्टी रूममध्ये चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या, तरी काही जण भिंतीला टेकून उभे होते. अमेयदादा बोलायला उठला. त्याने कागद आणला नव्हता. तो म्हणाला, माझी आई तीन महिन्यांपूर्वी जपानमधल्या एका डोंगरी किल्ल्यावर चढून गेली होती, अडुसष्टाव्या वर्षी, आणि वरून तिने मला एकच मेसेज केला होता. मग त्याने फोन काढला आणि तो मेसेज वाचून दाखवला. "गड सर केला. तू जेवलास का?"

सगळे हसले आणि मग बऱ्याच जणांनी डोळे पुसले. कुणीतरी म्हणालं, शेवटपर्यंत ट्रेकर होती. मी चहाच्या थर्मासपाशी उभी होते. तुझ्या मजल्यावरच्या काकूंनी मला कोपर मारलं. "तू होतीस ना गं बरोबर? सांग ना, कसं होतं वर." चाळीस माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणाले, "व्ह्यू खूप छान होता."

ते खोटं नव्हतं. व्ह्यू छानच होता. फक्त तो मी एकटीने बघितला होता. तू वर आलीच नव्हतीस. हे जगात आपल्या दोघींनाच माहीत होतं आणि आता एकीलाच, असं मला त्या दिवशी वाटलं.

हे मराठीत लिहितेय. इंग्रजीत लिहिलं तर मी फार नीटनेटकं लिहीन आणि काहीच सांगणार नाही. तू म्हणायचीस, इंग्लिश मीडियमच्या मुली मराठीत पाहुण्यांच्या घरी बसल्यासारख्या बसतात, पाठ टेकत नाहीत. आज टेकून बसायचा प्रयत्न करतेय.

जपानचं खूळ तुझ्या डोक्यात कधी शिरलं ते मला माहीत नाही. मी किचनरला नोकरीला लागले आणि शनिवारी बस पकडून तुझ्याकडे टोरोंटोत, नॉर्थ यॉर्कला यायला लागले, तेव्हा ते आधीच तिथे होतं. डायनिंग टेबलाच्या अर्ध्या भागावर जपानी किल्ल्यांचे आराखडे असायचे आणि उरलेल्या अर्ध्यावर आपण जेवायचो. तीस वर्षं इमारतींची ड्रॉइंग्ज काढलेली बाई तू. तुला फोटोंत रस नव्हता. इमारत मधोमध कापली तर आत काय दिसेल, कुठला खांब कुठवर जातो, ते तुला हवं असायचं. तू मला समजावलं होतंस की जपानमध्ये किल्ले पुष्कळ दिसतात, पण त्यातले बरेचसे नंतर सिमेंटमध्ये पुन्हा उभारलेले. मूळचे लाकडी मनोरे उरलेत बाराच. "सिमेंटचा किल्ला मी दिवाळीतसुद्धा केला नाही," तू म्हणालीस. "मातीचाच केला."

तू साताऱ्याची. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेली, कॉलेजात दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर असणारी. टोरोंटोबद्दल तुझी तक्रार थंडीची कधीच नव्हती. ह्या शहराला चढ नाही, ही होती. म्हणून तू बिल्डिंगचा जिना चढायचीस. आपण ग्रोसरी घेऊन आलो की पिशव्या माझ्याबरोबर लिफ्टमध्ये चढवायचीस आणि स्वतः जिन्याने निघायचीस. अकरा मजले. मी दार उघडून उभी राहायची. तू वर पोचलीस की पहिला प्रश्न, "किती मिनिटं?"

खरं तर तुझ्याबरोबर दादाच येणार होता. त्याला नव्या कामातून सुट्टी मिळाली नाही. मग तू मला विचारलंस. कॅनडात कायम राहायची माझी पीआर नुकतीच झाली होती, रजा साठली होती आणि तिचं काय करायचं हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, मला किल्ल्यांतलं काही कळत नाही. तू म्हणालीस, "तुला नकाशा कळतो. तू कमी खातेस आणि बोलत नाहीस. इतकी चांगली सोबत तुझ्या आतोबांची पण नव्हती."

ओसाकाला उतरल्यावर तू आधी ती वही विकत घेतलीस. प्रत्येक किल्ल्याचं एक पान त्यात आधीच छापलेलं. किल्ल्यावर एका टेबलावर रबरी शिक्का आणि शाईचा पॅड ठेवलेला असतो, आपली वही आपण न्यायची आणि शिक्का आपणच मारायचा. कुणी बघत नाही, कुणी विचारत नाही. तिथल्या आज्या, कॉलेजची मुलं, सूट घातलेले ऑफिसवाले, सगळे ह्या वह्या घेऊन फिरत होते. तू त्यात स्वतःचा एक नियम घातलास. मनोऱ्याच्या सगळ्यात वरच्या मजल्याला पाय लागल्याशिवाय शिक्का नाही.

हिमेजीला तू वरपर्यंत गेलीस. पहिला शिक्का तिथला, किंचित तिरका. प्रत्येक मजल्यावर तू थांबत होतीस, खांबांवर हात फिरवत होतीस, खाली वाकून सांधे बघत होतीस. मला वाटलं ड्रॉइंगवाली बाई आहे, बघणारच. आता त्या थांबण्याची मी मनातल्या मनात पुन्हा मोजणी करते. कुठला थांबा सांध्यांसाठी होता आणि कुठला श्वासासाठी, ते वेगळं काढता येत नाही.

मग कुराशिकी. तिथे किल्ला नाही. कालव्याच्या दोन्ही बाजूंना व्यापाऱ्यांची पांढरी गोदामं, भिंतींच्या खालच्या भागावर काळ्या फरशा आणि त्यांच्या सांध्यांवर पांढऱ्या चुन्याच्या जाड, फुगीर रेघा. आपण तिथे फक्त माझ्यामुळे थांबलो होतो, कारण सगळ्या प्लॅनमध्ये मी तेवढं एकच मागितलं होतं. तू कालव्याच्या काठावर उभी राहून म्हणालीस की गोदामं बघायला आपण एवढ्या लांब आलो नाही.

मला तिथे फार बरं वाटलं होतं. पुढे दुकान, मागे घर, मधे आकाशाच्या एका तुकड्याएवढंच अंगण. अजूनही लोक राहतात, संध्याकाळी पाचला फळ्या लावतात. मी तुला म्हटलं, किल्ला एकाच माणसाचा असतो, बाकी सगळे तो राखायला. इथे दर घराचं नाव वेगळं आहे. किल्ला बघून कळतं की लोक कशाला घाबरत होते. गाव बघून कळतं की जगत कसे होते.

तू माझ्याकडे बघत राहिलीस. "घुमे," तू म्हणालीस, "हे असलं तू ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलतेस का कधी?"

मी म्हटलं, नाही.

"मग तिथे बोल. इथे माझ्याशी काय भांडतेस." आणि मग रात्रीच्या जेवणापर्यंत तू माझ्याशी भांडलीस. राजाशिवाय व्यापारी नसतो, तटबंदीशिवाय बाजार नसतो, गडावरून पाणी सोडलं नाही तर गावाच्या विहिरी कोरड्या. मी पण माघार घेतली नाही. मला घरात कुणी कधी एवढा वेळ उलट उत्तर देऊ दिलं नव्हतं. त्या वादाचा निकाल लागला नाही. पुढे लावू असं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी ताकाहाशी. हा तुझा खरा किल्ला. बारांपैकी हा एकच असा की जो उंच डोंगरावर आहे. तू आदल्या दिवसापासून म्हणत होतीस, बाकीचे वाडे आहेत, हा गड आहे. टॅक्सीने आपल्याला खिंडीपर्यंत सोडलं. पुढे झाडांतून दगडी पायऱ्यांची वाट, वीसेक मिनिटांची. वाटेत लाकडी पाट्या होत्या. मी फोनने त्यांचं भाषांतर केलं, किल्ल्याचा मालक स्वतः बोलतोय असं त्यात लिहिलं होतं. पायाखाली बघून चालावे, इथे निसरडे आहे. तू म्हणालीस, राजा बरा दिसतोय, काळजीवाहू आहे.

तिसऱ्या पाटीपाशी बाक होता. तू बसलीस. पर्समधून आवळा सुपारीची डबी काढलीस, एक तोंडात टाकलीस, एक मला दिलीस. "पित्त झालंय," तू म्हणालीस. "सकाळची ती कॉफी."

माझा विश्वास बसला, आत्या. हे मला लिहून ठेवायचंय. आपल्या घरात डोकं दुखलं तर पित्त, चक्कर आली तर पित्त, बाबांना नोकरीत त्रास झाला तेव्हा पण पित्तच होतं. छातीत जडपणा आणि धाप, ह्यालाही आपण तेच नाव दिलं आणि मी आवळा सुपारी चघळत उभी राहिले. दुसऱ्या कुठल्या घरातली मुलगी असती तर तिने तिथेच फोन काढला असता.

पंधरा मिनिटांनी तू म्हणालीस, तू जा. मी म्हटलं, परत जाऊ. तू म्हणालीस, "गड काय राजा स्वतः चढतो का? माणसं पाठवतो. जा, बघून ये." मी वही मागितली, वर शिक्का मारून आणते म्हटलं. तू पर्स मिटलीस. "वहीत खोटं नको."

मी गेले. वर एक लहानसा, दोनच मजल्यांचा मनोरा होता, पांढरा, खडकावरच उभा. एक मांजर होतं, किल्ला आपलाच असल्यासारखं फिरणारं, आणि त्याच्या मागे आठ-दहा माणसं कॅमेरे घेऊन. मी दरीचे फोटो काढले आणि जवळजवळ पळत खाली आले. तू विचारलंस, सांधे बघितलेस? तुळई खांबाला कशी बसवलीय? मी फोटो दाखवले. तू एकेक सरकवलास आणि म्हणालीस, "व्ह्यू काय, व्ह्यू कुठेही असतो." मग त्यातलाच एक माझ्याकडून मागून घेतलास आणि दादाला पाठवलास. त्यासोबत काय लिहिलंस ते मी बघितलं. तू म्हणालीस, तो कामात असेल, उगीच काळजी करेल, आणि माझा माणूस वर जाऊन आला म्हणजे गड सर झालाच की.

मला हसू आलं होतं. मला ते तेव्हा गमतीचं वाटलं होतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करायचं ठरलं होतं. सकाळी तू तयार होऊन बसलीस आणि म्हणालीस, "चल, आज तुझं गाव बघू." बसने तासभर डोंगरात आत, फुकिया. जुन्या व्यापाऱ्यांचं एकाच रस्त्याचं गाव. घरांच्या भिंती, दरवाजे, जाळ्या, सगळं तांबूस लाल. तू एका भिंतीला बोट लावलंस आणि बोट नाकापाशी नेलंस. "अगं, हा गेरू आहे."

गेरूच होता. ह्या गावाने दोनशे वर्षं तोच विकला, म्हणून घरांनाही तोच. दुकानातल्या बाईला तू सरळ मराठीत सांगितलंस की आमच्याकडे तुळशीवृंदावनाला लावतात, दिवाळीत रांगोळीच्या खाली सारवतात. ती दर वाक्याला मान डोलवत होती. तिने चहा दिला. तिच्या ओसरीवर सोललेली तेंदूसारखी केशरी फळं दोरीला ओळीने बांधून वाळत घातली होती. तू तिला खुणेने विचारलंस, किती दिवस? तिने बोटं दाखवली. दोघींचं अर्धा तास चाललं होतं. मी भाषांतरासाठी फोन काढला तर तू हात हलवून तो ठेवून द्यायला सांगितलंस.

परत येताना बसमध्ये तू खिडकीला डोकं टेकून म्हणालीस, "तुझंच बरोबर होतं गं. गावं बघावीत."

मी किती खूश झाले होते ते तुला सांगितलं नाही. किचनरला परत आल्यावर पहिल्याच मीटिंगमध्ये मी हात वर केला आणि एका चुकीच्या डिझाइनवर बोलले. सगळ्यांनी ऐकून घेतलं. तेव्हाही माझ्या मनात हेच होतं की मी आत्याला वादात हरवलंय. आता मला तो वाद जिंकलेला नकोय. तुला पटलं म्हणून तू आली नव्हतीस, दमली होतीस म्हणून आली होतीस. की दोन्ही? त्या ओसरीवर तू खरंच आनंदात होतीस, तेवढं मी ओळखते. पण ते वाक्य तू मला दिलंस की तुला एक दिवस चढ टाळायचा होता म्हणून म्हणालीस, हे मला आता कोण सांगणार?

मात्सुएला मात्र मला कळलं. तिथला मनोरा काळा, बाहेरून बसका, आतून सहा मजली, आणि जिने शिडीसारखे उभे. दारात बूट काढून पिशवीत घालून हातात धरायचे. तू तळमजल्यावरच्या बाकावर बसलीस, दोघींच्या बुटांची पिशवी मांडीवर घेतलीस आणि जिन्याकडे बघितलंस. पित्ताचं नाव काढलं नाहीस. शिक्क्याचं टेबल तुझ्यापासून दोन पावलांवर होतं. कुणीतरी पॅडचं झाकण उघडं टाकून गेलं होतं. तू उठून ते झाकण नीट लावलंस आणि परत बसलीस.

मी वर जाऊन पाच मिनिटांत आले. तू मला एक खांब दाखवलास. एकसंध नाही बघ, तू म्हणालीस, मोठी झाडं मिळाली नसतील, म्हणून चारी बाजूंनी फळ्या लावून लोखंडी पट्ट्यांनी आवळलाय. हे सांगताना तू दोनदा थांबलीस.

दुपारी आपण खंदकातल्या बोटीत बसलो. पूल इतके ठेंगणे की बोटीचं छप्पर खाली येतं आणि सगळ्यांना वाकावं लागतं. पहिल्या पुलाला तू शाळेतल्या मुलीसारखी हसलीस. तिसऱ्यानंतर सगळे सरळ झाले आणि तू झाली नाहीस. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला. कोटातूनही तुझी धाप हाताला जाणवत होती.

मी विचारलं, "दादाला फोन करू?"

"काय सांगणार? तुझी आई वाकली आणि दमली?"

मग तू सरळ बसलीस, ओठ पुसलेस आणि अगदी हळू म्हणालीस, "जुई, मी सांगेन. परत गेले की डॉक्टरकडे जाईन आणि मीच सांगेन. माझं मला सांगू दे."

मी हो म्हटलं. मला वाटतं त्या हो म्हणण्यात तुझ्याबद्दलचा आदर होता. आणि मला तो फोन करावा लागणार नाही, ही सुटका पण होती. दोन्ही लिहायला हवं.

परत आल्यावर मी दर शनिवारी विचारलं. आधी तू म्हणालीस, दिवाळी होऊ दे. मग, त्याचं त्या नव्या कामाचं मार्गी लागू दे. मग, ही थंडीची लाट जाऊ दे. डिसेंबरात एकदा ग्रोसरी घेऊन आलो, तर पिशव्यांबरोबर तूही लिफ्टमध्ये आलीस. अकरा मजले आपण आकडे बदलताना बघत होतो. दार उघडल्यावर तू काही विचारलं नाहीस. त्या शनिवारपासून मीही विचारायचं बंद केलं. जानेवारीत एका मंगळवारी सकाळी दादाचा फोन आला, तेव्हा मी ऑफिसच्या वॉशरूममध्ये जाऊन तो घेतला. डॉक्टर म्हणाले, हृदय. झोपेतच.

तेराव्यानंतरच्या शनिवारी दादाने मला तुझं घर आवरायला बोलावलं. तो तुझ्या टेबलापाशी बसला होता आणि त्याच्या हातात ती वही होती. त्याला हिमेजीचा शिक्का सापडला होता. पुढची पानं उलटून त्याने मला विचारलं, इथे स्टॅम्प का नाहीये? आणि हे पेन्सिलने काय लिहिलंय?

तू तिथे लिहिलं होतंस हे मला माहीत नव्हतं. तुझं अक्षर, ड्रॉइंगच्या कोपऱ्यात टीप लिहितात तसं बारीक आणि सरळ.

दादा इथेच वाढला. मराठी बोलतो, पण वाचता येत नाही. तुला त्याची खंत होती आणि तुम्हा दोघांची त्यावरून भांडणं मी ऐकली आहेत. त्याने वही माझ्यापुढे केली. तो हसतच होता जरा. "वाच ना. व्ह्यूबद्दल असेल."

मी आधी मनात वाचलं. मला वेळ लागतो, तुला माहीत आहे. ताकाहाशीच्या पानावर होतं, "जुई वर गेली. मी बाकापर्यंत." मात्सुएच्या पानावर होतं, "सहा मजले. मी तळाशी. खांब उत्तम. बोटीत जुईने विचारलं, अमेयला सांगू का. नको म्हटलं. पोर एकटीच ओझं वाहतेय. मला सांगायला हवं."

आत्या, मी काहीही वाचू शकले असते. तिथे डोंगर सुंदर आहेत, असं म्हटलं असतं तर त्याने वही मिटून छातीशी धरली असती आणि आयुष्यभर लोकांना दाखवली असती. चाळीस माणसांपुढे मी ते करून झालेच होते. दुसऱ्यांदा सोपं गेलं असतं. पण तू स्वतः त्या वहीत खोटं घातलं नाहीस. शिक्का हाताशी होता तरी घातलं नाहीस.

मी वाचलं. दोन्ही पानं, शेवटच्या शब्दापर्यंत, माझ्या नावासकट.

त्याने वही माझ्याकडून परत घेतली आणि ती दोन्ही पानं पुन्हा उलटून बघितली. मग म्हणाला, "म्हणजे तुला ऑक्टोबरपासून माहीत होतं."

"हो."

"आणि त्या दिवशी तू सगळ्यांसमोर म्हणालीस, व्ह्यू छान होता."

"हो."

"शी वॉज माय मदर, जुई."

मी सॉरी म्हटलं नाही. तो शब्द आम्ही दिवसात वीस वेळा वापरतो, दाराशी, बसमध्ये, लिफ्टमध्ये. तो मला तिथे काढवेना. त्याने वही बॅगेत घातली, कोट घातला आणि तो निघून गेला. मी तुझ्या स्वयंपाकघरातले डबे पुसत राहिले, पुसलेलेच पुन्हा. मग किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवली आणि बसने परत आले.

नऊ दिवस त्याचा फोन नाही, मेसेज नाही. मी पण केला नाही. ह्या नऊ दिवसांत मी तुझ्यावर रागावले पण आहे. "माझं मला सांगू दे" म्हणालीस आणि सांगितलं नाहीस. तुझ्याजवळ तीन महिने होते. आणि मला ओझं दिलंय हे तुला कळत होतं, लिहून ठेवण्याइतकं कळत होतं. मग वहीला का सांगितलंस, आम्हाला का नाही? पुन्हा थोड्या वेळाने मला त्या ओसरीवरची तू आठवतेस, बोटाला गेरू लागलेली, आणि राग धड टिकत नाही.

काल जेवायच्या सुट्टीत त्याचा मेसेज आला. इंग्रजीत, एकच ओळ. त्या बाकावर ऊन होतं का, एवढंच विचारलं होतं.

मी लगेच हो लिहिलं आणि पाठवायच्या आधी पुसलं. आठवायला लागले. मी तुला सोडून निघाले तेव्हा ऊन बाकाच्या डाव्या टोकाला होतं आणि तू तिथे बसली होतीस. मी परत आले तेव्हा ते झाडांमागे गेलं होतं, उजव्या टोकाला तळहाताएवढं उरलं होतं, आणि तू पर्स मांडीवर घेऊन तिथपर्यंत सरकली होतीस. डोळे मिटलेले होते. माझी पावलं ऐकून उघडलेस. मी त्याला तसंच लिहिलं. मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत, म्हणजे वाचून घ्यायला त्याला दुसऱ्या कुणाकडे जावं लागणार नाही.

मग त्याचं उत्तर आलं. "मग?"

मी फोनवर बोलणं टाळते. तुझ्याशीसुद्धा टाळायची. पण हे सगळं टाइप करून होण्यासारखं नव्हतं. मी जॅकेट घातलं, ऑफिसच्या बाहेर बर्फात जाऊन उभी राहिले आणि त्याला फोन लावला. त्याने उचलला. नुसता श्वास ऐकू येत होता.

मी म्हणाले, "दादा, मग आम्ही खाली उतरायला लागलो. अगदी हळू. तिने माझा हात धरला होता."